दुकानाच्या बिलिंगमधली येणे बाकी गूगल शीटला कशी जोडली

वसुलीच्या काकांनी धायरीतल्या एका दुकानदाराला फोन लावला आणि सरळ म्हणाले, "शेठ, तुमचा चेक परत आलाय, आता रोखच द्या." समोरून दोन सेकंद काहीच आवाज नाही. मग जे काही ऐकू आलं ते मला टेबलाच्या पलीकडूनही ऐकू आलं. या माणसाने आमच्याशी व्यवहार सुरू केल्यापासून एकही चेक परत आलेला नव्हता. चेक परत आला होता तो यादीत त्याच्या वरच्या ओळीवर असलेल्या पार्टीचा.

गुलटेकडीच्या मार्केटयार्डात भुसार विभागात आमचं दुकान. गूळ, डाळी, शेंगदाणा. मी तिथे हिशेब बघते आणि कॉम्प्युटर बिघडला तर तोही मीच बघते. तेव्हा पद्धत अशी होती की रोज सकाळी बिलिंगमधून येणे बाकीची यादी काढायची, सगळ्यात मोठी बाकी वर लावायची आणि गूगल शीटच्या डावीकडच्या सहा कॉलमांत चिकटवायची. उजवीकडच्या कॉलमात काका फोनवरून शेरा लिहायचे: "सोमवारी देतो म्हणाले", "मालक गावी", "चेक परत". आदल्या दिवशी अकराव्या ओळीवरच्या पार्टीने पैसे चुकते केले. सकाळच्या यादीतून ती गेली आणि खालचे सगळे एकेक ओळ वर सरकले. शेरे मात्र होते तिथेच राहिले. पंधराव्या ओळीवरचा "चेक परत" हा शेरा त्यामुळे सोळाव्याच्या नावापुढे येऊन बसला.

हे सगळं आपोआप करायचं ठरलं तेव्हा पहिला धडा मला इथूनच मिळालेला होता. दोन गोष्टी जोडणं अवघड नाही, तासाभराचं काम आहे. पण यंत्र आणि माणूस एकाच कागदावर लिहिणार असतील, तर कोणता रकाना कुणाचा हे आधी ठरवायला लागतं. नाहीतर मी सकाळी एकदा करत होते तीच चूक यंत्र दर अर्ध्या तासाला करेल.

आधी कागदावर

मी खरोखर वहीचं पान आडवं धरलं आणि मध्ये रेघ मारली. डावीकडे यंत्राचं: पार्टी कोड, नाव, लाइन (म्हणजे वसुलीचा रस्ता: वडगाव-धायरी लाइन, हडपसर लाइन, सासवड लाइन), बाकी, सगळ्यात जुन्या बिलाची तारीख आणि "कधीचा आकडा". उजवीकडे माणसाचं: शेरा आणि वायद्याची तारीख. डावीकडे माणसाने हात लावायचा नाही, उजवीकडे यंत्राने.

दुसरं ठरवलं ते हे की ओळ क्रमांकावर काहीही अवलंबून ठेवायचं नाही, ओळख फक्त पार्टी कोडची. आणि तिसरं, जे सुचायला मला दोन दिवस लागले: पैसे चुकते झाले तरी पार्टीला यादीतून जाऊ द्यायचं नाही, तिची बाकी शून्य होऊ द्यायची. ओळ गेली की सरकासरकी सुरू होते. ओळ राहिली आणि आकडा शून्य झाला, तर बाकीच्या कुणाला धक्का लागत नाही. काकांना शून्यवाले दिसायला नको असतील तर फिल्टर आहेच.

मधला गडी

बिलिंग सॉफ्टवेअर दुकानातल्या कॉम्प्युटरवर, त्याचा डेटा एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस या मायक्रोसॉफ्टच्या फुकट डेटाबेसमध्ये. शीट गूगलवर. दोघांच्या मध्ये निरोप्या म्हणून मी एन८एन घेतलं. लोक त्याला एन-एट-एन म्हणतात. चौकोन ओढून रेघांनी जोडायचे, असं त्याचं स्वरूप. झेपियर, मेक वगैरे याच जातीचे. पण ते त्यांच्या सर्व्हरवर चालतात. त्यांना आमच्या दुकानातल्या डेटाबेसपर्यंत यायचं तर राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडावं लागलं असतं, आणि सगळ्या गिऱ्हाइकांची उधारी इंटरनेटला उघडी टाकायची माझी तयारी नव्हती. एन८एन आपल्याच कॉम्प्युटरवर चालवता येतं. ते आतून बाहेर गूगलकडे जातं, बाहेरून आत कुणी येत नाही. स्वतःच्या धंद्याच्या आतल्या कामासाठी असं चालवायला पैसे पडत नाहीत.

मी ते बिलिंगच्याच कॉम्प्युटरवर डॉकरमध्ये टाकलं. डॉकर म्हणजे प्रोग्राम वेगळ्या बंद डब्यात चालवायची सोय, त्या डब्याला कंटेनर म्हणतात. "कॉम्प्युटर बंद झाला तर?" असं आमच्या शेठनी, म्हणजे मालकांनी विचारलं. बंद असला तर बिलं होत नाहीत, बिलं होत नाहीत तर बाकी बदलत नाही, मग शीटला तरी काय कळवायचं? शेठना पटलं.

डॉकरमध्ये टाकताना दोन गोष्टी विसरू नका. एक, एन८एनचा फोल्डर डॉकरच्या बाहेर व्हॉल्यूम म्हणून ठेवा. सगळे पासवर्ड तो एका किल्लीने कुलूपबंद करून ठेवतो आणि ती किल्ली याच फोल्डरमध्ये असते. व्हॉल्यूम न ठेवता कंटेनर काढून नवा टाकलात तर केलेली जोडणीही गेली आणि किल्लीही गेली. ती किल्ली मी वेगळ्या ठिकाणी लिहून ठेवली आहे. दुसरं, कंटेनरला "थांबवलं नाही तोवर पुन्हा सुरू हो" अशी रीस्टार्ट पॉलिसी द्या आणि डॉकर विंडोजबरोबर सुरू होईल असं ठेवा. गुरुवारी लाइट जाते, हे पुण्यात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

बिलिंगकडची बाजू

इथे सॉफ्टवेअरवाल्याची मदत घ्या, पण मागायचं काय ते तुम्हीच ठरवा. तुमच्या सॉफ्टवेअरची टेबलं तुम्हाला कळत नाहीत आणि त्यात बोटं घालूही नयेत. मी दोनच गोष्टी मागितल्या. "कधीचा आकडा" सोडून माझे पाच कॉलम देणारा एक व्ह्यू (डेटाबेसमधली तयार यादी), आणि फक्त तो वाचू शकेल असा एक वेगळा युजर. त्यांच्या माणसाने आधी मुख्य ॲडमिनचाच पासवर्ड देऊ केला, "ताई, याने सगळंच चालेल." सगळं चालतं म्हणूनच तो नको होता. फक्त वाचायचा अधिकार असलेल्या युजरच्या हातून बिल खोडलं जाऊ शकत नाही. रात्री झोप लागते.

व्ह्यू करून घेताना ही तीन कलमं लिहूनच द्या:

तारीख मजकूर म्हणून, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने. एसक्यूएल सर्व्हरमध्ये कन्व्हर्टला २३ नंबरची शैली दिली की ती तशी येते. शीटची भाषा-प्रदेश सेटिंग अमेरिकेची राहिली असेल तर दिवस-महिना क्रमातली ४ मे ही ५ एप्रिल होते. वर्ष पुढे असलं की हा घोळ होत नाही. तरीही शीटच्या सेटिंगमध्ये जाऊन भारत निवडा, कारण काका वायद्याची तारीख हाताने लिहिणार आहेत.

रक्कम निव्वळ आकडा. स्वल्पविराम नाही, रुपयाचं चिन्ह नाही. लाख-हजाराचे स्वल्पविराम शीटमध्ये फॉरमॅटने देता येतात. ते डेटाबेसमधूनच चिकटून आले तर आकड्याचा मजकूर होऊ शकतो आणि मग बेरीज शून्य येते.

आणि कोडच्या शेवटच्या मोकळ्या जागा छाटून. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कोडचा कॉलम ठरावीक लांबीचा असतो. चार अक्षरी कोड दहा अक्षरांच्या डब्यात ठेवला की उरलेल्या सहा जागा रिकाम्या अक्षरांनी भरल्या जातात. डोळ्यांना दिसत नाही, पण जुळवताना यंत्र म्हणतं हा वेगळाच कोड आहे. आरट्रिम लावायला सांगा.

नावांचं आमच्याकडे निराळंच निघालं. बहुतेक नावं इंग्रजीत, पण जुन्या शंभरेक पार्ट्यांची मराठीत होती, आणि तीही युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टमधली. बिलावर छान दिसतात. शीटमध्ये आली ती कंस, टिंबं आणि रोमन अक्षरांची भेळ होऊन. कारण डेटाबेसमध्ये मुळात मराठी नव्हतंच, रोमन अक्षरांवर मराठीचा मुखवटा होता. असली नावं फॉन्ट कन्व्हर्टरमधून एकदाच काढून घ्यावी लागतात. मी ती तपासून बिलिंगमध्येच नव्याने भरली. पण भरण्याआधी सॉफ्टवेअरवाल्यांना विचारून घ्या की नावाचा कॉलम युनिकोडचा, म्हणजे एनव्हारचार आहे का. साधा व्हारचार असेल तर सगळी प्रश्नचिन्हं उमटतात. हे काम कंटाळवाणं आहे, चुलतभावाला बसवलं तरी चालेल.

आता जोडणी. एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस आल्या आल्या नेटवर्कवरून बोलत नाही. त्याच्या कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये टीसीपी-आयपी चालू करा, सगळ्यात खाली "आयपी ऑल" मध्ये पोर्ट १४३३ भरा, डायनॅमिक पोर्टचा रकाना रिकामा करा आणि सर्व्हिस पुन्हा सुरू करा. सर्व्हरला विंडोजच्या लॉगिनबरोबर एसक्यूएलचं लॉगिनही चालेल असं मिक्स्ड मोडमध्ये ठेवावं लागतं. विंडोजच्या फायरवॉलला १४३३ साठी वाट मागा, पण ती वाट कॉम्प्युटरपुरतीच ठेवा.

मग एन८एनमध्ये मायक्रोसॉफ्ट एसक्यूएलचं क्रेडेन्शियल, म्हणजे लॉगिनची माहिती. इथे माझी अख्खी दुपार गेली. सर्व्हरच्या जागी मी "लोकलहोस्ट" लिहिलं, कारण दोन्ही एकाच कॉम्प्युटरवर. जोडणी नाकारली. पासवर्ड बदलला, पोर्ट तपासलं, फायरवॉल बंद करून पाहिली, नाहीच. डॉकरच्या आत बसलेल्या एन८एनसाठी "लोकलहोस्ट" म्हणजे तो स्वतः. खोलीत बसून "घरी कोण आहे" विचारावं आणि आपणच "मी" म्हणावं, तसं. बाहेरच्या विंडोजला हाक मारायची तर "होस्ट डॉट डॉकर डॉट इंटर्नल" असं लिहावं लागतं. तेवढं बदललं आणि हिरवी खूण आली.

गूगलकडची बाजू

पहिल्यांदा मी सोपा वाटला तो रस्ता धरला: "गूगलने साइन इन करा". त्यासाठीसुद्धा गूगल क्लाउड कन्सोलमध्ये प्रोजेक्ट काढून कन्सेंट स्क्रीन वगैरे करावीच लागते. केली, चाललं, पेढे वाटले. बरोबर सात दिवसांनी बंद. पुन्हा साइन इन केलं, चाललं, पुन्हा सात दिवसांनी बंद. ॲप "टेस्टिंग" अवस्थेत ठेवलेलं असलं की गूगल त्याची परवानगी सात दिवसांनी काढून घेतं. एन८एनचा त्यात काही दोष नसतो.

अशा कामाला सर्व्हिस अकाउंट बरं. म्हणजे यंत्रासाठी काढलेलं वेगळं खातं, त्यामागे कुणी माणूस नाही. उद्या मी नोकरी सोडली किंवा जीमेलचा पासवर्ड बदलला तरी त्याला फरक पडत नाही. कृती अशी. क्लाउड कन्सोलमध्ये प्रोजेक्ट काढा. त्यात गूगल शीट्स एपीआय आणि गूगल ड्राइव्ह एपीआय, दोन्ही चालू करा (एपीआय म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामला आत यायची वाट). ड्राइव्हचं राहिलं की एन८एनला फाइलींची यादीच दिसत नाही. मग सर्व्हिस अकाउंट तयार करा, त्याच्या "कीज" मध्ये जाऊन नवी किल्ली जेसन प्रकारात काढा. एक फाइल उतरते, ती एकदाच मिळते. त्या फाइलमधला खात्याचा लांबलचक ईमेल आणि प्रायव्हेट की, सुरुवातीच्या व शेवटच्या रेघांसकट, एन८एनच्या सर्व्हिस अकाउंट क्रेडेन्शियलमध्ये भरा. ऑफिसचं गूगल वर्कस्पेस असेल आणि किल्ली काढायला गूगल नकार देत असेल तर घाबरू नका. ३ मे २०२४ पासून सुरू झालेल्या संस्थांच्या खात्यांवर ती मनाई आपोआप असते, ॲडमिनला ती प्रोजेक्टपुरती उठवता येते. आमचं साधं जीमेल, त्यामुळे अडलं नाही.

ती जेसन फाइल व्हॉट्सॲपवर कुणाला पाठवू नका. आमच्या सॉफ्टवेअरवाल्याने मागितली होती, "बघतो कुठे अडलंय". ती फाइल म्हणजे कुलपाची किल्लीच.

यानंतर लोक हमखास विसरतात ते असं: शीट उघडून "शेअर" मध्ये त्या सर्व्हिस अकाउंटचा ईमेल घालून त्याला एडिटर करा. यंत्र असलं तरी शीटच्या दृष्टीने तो एक पाहुणाच, त्याला आमंत्रण लागतं. तेव्हाच बाकीचं शेअरिंगही पाहून घ्या. आमची शीट वर्षभर "लिंक असलेल्या कुणालाही" उघडत होती. कोण किती देणं लागतं, याची यादी! तेव्हाच बंद केली.

शीट खरंच गूगल शीट आहे ना, हेही बघा. एक्सेलची फाइल ड्राइव्हवर चढवून उघडली की ती शीटसारखीच दिसते, फक्त नावाशेजारी एक्सएलएसएक्सची छोटी पट्टी असते. एपीआय तिला हात लावत नाही. फाइल मेनूमधून "गूगल शीट म्हणून जतन" केलं की नवी फाइल तयार होते, आणि नवी फाइल म्हणजे शेअरिंग पुन्हा पहिल्यापासून.

रेघा जोडताना

चौकोन तीनच: वेळ, एसक्यूएल, गूगल शीट. तिसऱ्यात "अपेंड ऑर अपडेट रो" निवडा. कोड सापडला तर तीच ओळ सुधार, नाही सापडला तर नवी ओळ घाल. जुळवायचा कॉलम पार्टी कोड. कॉलमांची जोडी हाताने लावायचा पर्याय घ्या आणि शेरा व वायदा हे दोन्ही कॉलम त्या यादीतून काढूनच टाका. रिकामे ठेवू नका, काढा.

"आधी सगळं पुसून मग नव्याने लिही" असा सोपा रस्ता दिसेल. धरू नका. पुसून झालं आणि लिहिताना नेट गेलं, तर काका धायरीच्या चौकात रिकामी शीट बघत उभे राहतील.

पहिल्याच दिवशी मला जे भोवलं ते शून्य. आमच्या चाळीसेक पार्ट्यांचे कोड ०१०७ असे शून्याने सुरू होतात. गूगल शीटला ०१०७ दिसलं की ती म्हणते हा तर आकडा, आणि १०७ करून ठेवते. अर्ध्या तासाने यंत्र पुन्हा आलं, ०१०७ शोधू लागलं, शीटमध्ये तर १०७. सापडला नाही म्हणजे नवी पार्टी, असं समजून त्याने खाली नवी ओळ घातली. तीही १०७ झाली. पुढच्या अर्ध्या तासाला पुन्हा. नऊला सुरू केलं होतं, जेवायला बसेपर्यंत चारशेच्या आसपास ओळी जास्तीच्या. एकूण येणे बघून शेठचे डोळे पांढरे झाले, क्षणभर आनंदानेच.

एन८एनच्या त्या चौकोनात सेल फॉरमॅटचा पर्याय असतो. गूगलला ठरवू न देता एन८एनला ठरवू दिलं की जसं पाठवलं तसं राहतं. पण मग तारीखही मजकूरच राहते, शीट तिला तारीख मानत नाही. मी म्हणून व्ह्यूमध्येच कोडच्या आधी इंग्रजी पी लावून घेतला. पी०१०७ ला कुणी आकडा समजत नाही. हा उपाय बावळट दिसतो, पण माणसाने हाताने टाइप केलं तरी टिकतो.

आणखी एक. कुणी सांगेल की लूप लावून एकेक पार्टी पाठवा म्हणजे चूक कळेल. गूगल शीट्स एपीआयला एका खात्यावरून मिनिटाला ६० वेळा वाचता येतं आणि ६० वेळा लिहिता येतं. तीनशे पार्ट्या एकेक करून पाठवल्यात तर मिनिटाच्या आत ४२९ नंबरची चूक येते, म्हणजे "जरा थांबा". सगळ्या एकत्र पाठवा. तो चौकोन स्वतः गठ्ठा बांधतो. चौकोनाच्या सेटिंगमध्ये चुकल्यास पुन्हा प्रयत्न करण्याची सोय आहे, तिथे तीन प्रयत्न आणि मध्ये काही सेकंद ठेवा.

वेळेचं गणित. पुढे रोजची पहिली फेरी सकाळी ९ ला लावली आणि सगळ्यांना सांगून ठेवलं. ९ वाजले, साडेनऊ, दहा, शीट ढिम्म. संध्याकाळी साडेसहाला दुकान आवरताना बघते तर आत्ता भरतेय! एन८एन स्वतः बसवलं की त्याचं घड्याळ मुळात न्यूयॉर्कचं असतं. तिथले सकाळचे ९ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. डॉकर सुरू करताना जेनेरिक टाइमझोनमध्ये एशिया-कोलकाता द्या, शिवाय त्या वर्कफ्लोच्या (म्हणजे जोडलेल्या चौकोनांच्या साखळीच्या) सेटिंगमध्येही एकदा बघा. आणि चाचणी झाल्यावर वर्कफ्लो चालू करायला विसरू नका. चाचणीचं बटण एकदाच चालवतं. आवृत्तीनुसार वर "ॲक्टिव्ह" किंवा "पब्लिश" असतं, ते दाबल्याशिवाय घड्याळ सुरू होत नाही.

माणसांची बाजू

डावीकडचे सहा कॉलम मी प्रोटेक्ट केले: फक्त मी लिहू शकते. दुसऱ्या मिनिटाला यंत्र अडलं. कारण "फक्त मी" मध्ये सर्व्हिस अकाउंट नव्हतं. परवानगीच्या यादीत त्याचाही ईमेल घाला.

प्रोटेक्ट केल्यावर बाकीच्यांना क्रम बदलता येत नाही, आणि सासवड लाइनला जाणाऱ्याला सासवडच वर हवं असतं. प्रत्येक लाइनचा एकेक फिल्टर व्ह्यू करून दिला. त्यात ज्याला जसं हवं तसं त्याच्यापुरतं दिसतं, मूळ शीट जागची हलत नाही.

पहिल्या ओळीवर कॉलमांची नावं, आणि ती नावं कुणी बदलायची नाहीत. बदलली की एन८एन सांगतं की कॉलम बदललेत, आणि काम सोडून देतं. आमच्याकडे ती ओळ बदलली ती मात्र शेठनीच. वहीच्या पहिल्या पानावर असतं तसं त्यांनी सगळ्यात वर ओळ घालून "॥ श्री ॥" लिहिलं. मालक म्हणून शीट त्यांच्याच खात्यावर, त्यांना प्रोटेक्शन लागू नाही. यंत्राने "॥ श्री ॥" हे कॉलमाचं नाव समजून पार्टी कोड कुठाय म्हणून विचारलं. शीर्षकाची ओळ दुसरी आहे असं एन८एनला सांगायचीही सोय आहे, पण पुढे कुणी अजून एक ओळ घातली तर पुन्हा तेच. श्री आता टॅबच्या नावात आहे. शेठही खूश, यंत्रही.

"कधीचा आकडा" हा कॉलम मी कौतुकाने ठेवला नव्हता, पण सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो. यंत्र प्रत्येक ओळीत ती ओळ शेवटची कधी तपासली ती तारीख आणि वेळ लिहितं. काका फोन लावण्याआधी तो बघतात. कालची वेळ दिसली तर आधी मला फोन. फेरी चुकली की मला टेलिग्रामवर निरोप येतो. त्यासाठी एन८एनमध्ये "एरर ट्रिगर"ने सुरू होणारा वेगळा छोटा वर्कफ्लो करायचा आणि मूळ वर्कफ्लोच्या सेटिंगमध्ये तो नेमायचा. पण कॉम्प्युटरच बंद असेल तर निरोप कोण पाठवणार? तिथे तो कॉलमच कामाला येतो.

सुरुवातीचे आठ दिवस बिलिंगचा रिपोर्ट आणि शीट यांची एकूण बेरीज रोज संध्याकाळी ताडून बघा. आमची पहिल्या दिवशी जुळली नाही. रिपोर्टपेक्षा शीट जास्त दाखवत होती. ज्यांचे पैसे आमच्याकडे आगाऊ जमा आहेत त्यांची बाकी उणे असते, आणि व्ह्यू करणाऱ्याने उणेवाले गाळले होते. ते घातल्यावर पैशापर्यंत जुळली.

आता काकांना शीटमध्ये मोबाइल नंबरचा कॉलम हवाय. तो रेघेच्या डावीकडे घालायचा की उजवीकडे, यावर शेठचं आणि माझं अजून ठरत नाही. नंबर बिलिंगमध्ये आहे, म्हणून शेठ म्हणतात यंत्राचा. काका म्हणतात, त्यातले निम्मे नंबर दुकानदारांच्या वडिलांचे आहेत.